हवेचा चिमटा

माझ्या मुलीचं मनगट मोडलं तेव्हा ती सायकलवर नव्हती, सायकल तिच्यावर होती. श्रावण संपत आला होता. होडीतून उतरताना धक्क्याच्या पायरीवर शेवाळ होतं. खांद्यावर सायकल, पाठीला टपालाची पिशवी. पाय सटकला आणि ती सगळ्यासकट खाली आदळली. सायकलला काही झालं नाही, ती मी बांधलेली होती. मनगटात मात्र डॉक्टरांनी धातूची पट्टी घातली आणि स्क्रूंनी आवळली. पट्टी गंजत नाही असं ते म्हणाले. आमच्याकडे न गंजणारी वस्तू मी कधी पाहिलेली नाही, म्हणून मी त्यांना दोनदा विचारून घेतलं.

माझं सायकलचं दुकान आहे, श्रीवर्धनच्या थोडं पुढे, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, दुकान विकून टाक. मी उघडं ठेवलं. पंक्चर, ब्रेक, आरे, पावसाळ्याआधीचं ओव्हरऑइलिंग, आणि सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने सायकली. मुलगी माझ्याकडेच राहते. का राहते हे विचारणाऱ्याला मी चहा देत नाही.

ती टपाल वाटते. खाडीपलीकडच्या चार वाड्या तिच्याकडे आहेत. आधी होडी, मग खाजणाचा, म्हणजे खाऱ्या दलदलीचा बांध, मग चढ, आणि वर जांभ्या दगडाचा सडा. त्या सड्यावर वाट म्हणजे दगड कुठे कमी टोचतो ती रेघ. लोक म्हणतात, स्कूटर घ्या. होडीवाला स्कूटर घेत नाही. रस्त्याने वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस त्यातच जातो, आणि शेवटच्या वाडीला रस्ताच नाही. म्हणून सायकल, आणि तीही होडीत चढवता-उतरवता आली पाहिजे अशी. हे उचलणं पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, हात चालवा, वजनाची सवय हळूहळू करा, पण दणके नकोत. दुसऱ्याच दिवशी तिने तिची फेरीची काळी सायकल काढली. विहिरीपर्यंत गेली आणि हातात धरून परत आली. तोंड पांढरं पडलं होतं. दणका हॅन्डलमधून थेट मनगटात जात होता.

पोस्टातल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत बदलीचा माणूस चालेल. दिवाळीनंतरच्या सोमवारी ती फेरीवर आली तर फेरी तिची. नाही जमलं तर तसं सांगावं, म्हणजे त्यांना कायमचा कोणी बघता येईल. साहेब वाईट नव्हते. वाड्यांवरच्या माणसांना औषधाची पार्सलं आणि पेन्शनची पत्रं वेळेवर मिळायला हवीत, हे बरोबरच होतं.

आता दोन-अडीच महिने ती घरात. करायला काही नाही म्हणून तिने डाव्या हाताने माझे सगळे पाने आकाराप्रमाणे फळीवर लावले. चाळीस वर्षं ते माझ्या हाताच्या सवयीप्रमाणे ठेवलेले होते. मी डोळे मिटून चौदाचा पाना उचलायची, आता डोळे उघडे ठेवूनही सापडेना. मी ओरडले, ती ओरडली. पण रोज सकाळी होडीच्या वेळेला ती उठून दारात उभी राहायची आणि दुसऱ्याच कोणाला पिशवी घेऊन धक्क्याकडे जाताना बघायची.  मी त्यावर काही विचारलं नाही. विचारून हाड लवकर जुळत नाही.

माझ्या भाड्याच्या सायकलींत सहा सायकली जाड टायरच्या, शॉकअपवाल्या होत्या. सायकलीच्या पुढच्या चाकाला धरणारे जे दोन पाय असतात त्याला आम्ही चिमटा म्हणतो. साध्या सायकलीचा चिमटा म्हणजे वाकवलेल्या दोन नळ्या. शॉकअपच्या चिमट्यात वरच्या दोन दांड्या खालच्या दोन नळ्यांत आत-बाहेर होतात, आत स्प्रिंग असते, आणि दणका तिथेच जिरतो. निदान तसं असायला हवं. मी त्यातली बरी दिसणारी सायकल तिला दिली.

ती दहा पावलं चालवून आली. "आई, हा वाकतच न्हाय."

"अंगाचा भार टाक."

"टाकला. भिंतीवर टाकल्यासारखा वाटतो."

मी तो चिमटा खोलला. आत स्प्रिंग नव्हती, स्प्रिंगच्या आकाराचा गंज होता. मग दुसरी सायकल खोलली, तिसरी खोलली. सहाच्या सहा तशाच. म्हणजे किती वर्षं मी पाहुण्यांना "ही शॉकवाली आहे, मऊ जाते" असं सांगून लोखंडाच्या पहारीवर बसवत होते. कोणीही तक्रार केली नव्हती. शहरातल्या माणसाला वाटत असेल, कोकणातला रस्ताच असा. मला त्या दिवशी माझी लाज वाटली, आणि मला ती सहसा वाटत नाही.

म्हणून मग पनवेल. तिथे मोठं दुकान आहे, जिथे असले चिमटे खोलतात आणि बांधतात. आमच्या गावातून सुपारीची पोती घेऊन टेम्पो जातो, त्यात आम्ही दोघी आणि सहातली एक सायकल. तिचा सांगाडा चांगला होता, कुजला होता तो फक्त चिमटा.

दुकानातला मिस्त्री चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा. हातात काळे मोजे. मोजे घालून सायकलीचं काम करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याने आधी माझ्या मुलीचं मनगट पाहिलं, मग सायकल. हा क्रम मला आवडला.

त्याने भिंतीवरचा एक नवा कोरा चिमटा काढून तिच्या डाव्या हातात दिला. "हा स्प्रिंगचा. दणकट. देखभाल कमी."

तिने तो खालीवर केला आणि टेबलावर ठेवला. "याच्यासकट सायकल मला होडीत चढवता येणार नाही."

"होडीत?"

मी त्याला होडी, बांध, सडा सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग आत जाऊन एक वापरलेला चिमटा घेऊन आला. कोणा गिऱ्हाईकाने नवा बसवला म्हणून हा उतरवलेला. काळा, एका पायावर थोडा रंग उडालेला. हातात घेतला तर पहिल्याच्या अर्ध्याहून थोडा जास्त भरला असेल.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"हवा."

"आणि?"

"आणि थोडं तेल. एका पायात हवा, ती स्प्रिंगचं काम करते. दुसऱ्या पायात तेल, ते चाक परत उसळू देत नाही."

"माझी मुलगी हवेवर ठेवू मी?"

"काकू," तो म्हणाला, "चाकात काय भरता तुम्ही?"

मुलगी हसली. अडीच महिन्यांत ती अशी हसली नव्हती, त्यामुळे मी त्याला उलट बोलले नाही.

पण लगेच घेऊन बसवला असं झालं नाही. आमच्या सायकलीला साधे रबराचे ब्रेक, म्हणजे चिमट्याला ब्रेक बसवायचे दोन खुंट हवेत. या चिमट्याला ते होते. चाकाचा आकार जुळत होता. सांगाड्याच्या गळ्यात जाणारी नळी सरळ हवी, खाली जाड होत गेलेली नको. तीही जुळली. अडलं ते लांबीवर. आधीच्या मालकाने ती नळी त्याच्या सायकलीच्या मापाने कापलेली होती, आणि कापलेली नळी वाढत नाही. मिस्त्रीने मोजली, तोंड वाकडं केलं, परत मोजली.

"कमी आहे?" मुलीने विचारलं.

"हॅन्डलखालच्या दोन कड्या काढल्या तर होईल. हॅन्डल थोडं खाली येईल."

मी त्याच्या हातातून मोजपट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. होत होतं, नखभर जागा ठेवून होत होतं. पण हॅन्डल खाली आलं तर अंगाचा भार मनगटावर जास्त येणार. हे मी म्हणाले तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बरोबर बोललात काकू," म्हणाला, आणि वर वळलेलं हॅन्डल शोधून लावलं.

किती खोल दबणारा हवा, हेही त्याने विचारलं. मला वाटलं जितका जास्त तितका बरा. तो म्हणाला, चार-पाच बोटं पुरेत. त्याहून उंच चिमटा लावला तर पुढचं चाक वर जातं आणि चढावर सायकल घोड्यासारखी उभी राहते. मग त्याने मुलीला वजन विचारलं, कारण हवा वजनाप्रमाणे भरायची असते.

"पंचावन्न," मुलगी म्हणाली.

"साठ लिहा," मी म्हणाले.

"आई!"

"पिशवी धरून सांगितलं."

"राहू द्या," मिस्त्री म्हणाला, "रबर काय ते खरं सांगेल." चिमट्याच्या एका दांडीवर रबराची बारीक कडी होती. तिला सायकलवर बसवलं की चिमटा थोडा दबतो, कडी वर सरकते, आणि उतरल्यावर तिथेच राहते. बसल्या-बसल्या दांडी साधारण एक बोट आत गेली पाहिजे, आणि फेरी झाल्यावर कडीच्या वर बोटभर जागा उरली पाहिजे. त्याने घड्याळासारखा काटा असलेला छोटा पंप लावला, हवा भरली, सोडली, परत भरली. काट्यावर आलेला आकडा त्याने कागदावर लिहून दिला. चिमट्यावरच्या तक्त्याप्रमाणे तो साठ किलोचा होता.

निघताना त्याने छोटा पंप, तेलाची बुटकी बाटली आणि सूचना दिल्या. दांड्या रोज मऊ फडक्याने पुसायच्या. पाण्याचा पाइप जोरात मारायचा नाही. मध्येमध्ये सायकल काही तास उलटी ठेवायची, म्हणजे आतलं तेल वरच्या स्पंजच्या कड्यांपर्यंत पोचतं आणि दांड्या कोरड्या पडत नाहीत. मी त्याला सांगितलं की माझ्या दुकानात पावसाळ्यात सगळ्या सायकली वाशाला उलट्या टांगलेल्या असतात, कारण उधाणाचं पाणी आत येतं. तो म्हणाला, मग तुम्ही आधीपासूनच बरोबर करताय. त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं असावं. कारण शेवटची सूचना मी ऐकली आणि तिथेच टेम्पोत विसरले. शेवटची सूचना होती की बाहेरून कुठलंही तेल लावायचं नाही.

घरी आल्यावर मुलगी त्या सायकलवर विहिरीपर्यंत गेली, मग शाळेपर्यंत, मग दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा दोन्ही हात हॅन्डलवर होते. "दणका येतो," ती म्हणाली, "पण येता येता विचार बदलतो."

दुसऱ्या दिवशी तिने होडीतून पलीकडे जाऊन बांधाची फेरी करून पाहिली. सायकल डाव्या हाताने उचलली, उजव्याने नुसती सावरली. होडीवाला म्हणाला, "पोस्टवाली परत आली रं!" खरं तर ती नुसती सरावाला गेली होती. सोमवार आठ दिवसांवर होता.

इथे मी माती खाल्ली.

होडीत खारं पाणी उडतं. ते त्या चकचकीत दांड्यांवर बसलेलं पाहिलं आणि मला ते सहा गंजलेले चिमटे आठवले. आमच्याकडे खाऱ्यापासून वाचवायचं तर उंडीचं तेल. किनाऱ्याला उंडीची झाडं असतात, त्यांच्या बियांचं कडू, हिरवट तेल. होडीला तेच, दाराच्या कडीला तेच, माझ्या आईने जात्याच्या खुंट्यालाही तेच लावलं होतं. मी होडीवाल्याकडून बाटली आणली आणि तीन दिवस रोज संध्याकाळी, मुलगी घरात असताना, त्या दांड्यांना बोटाने छान चोपडलं. तिला सांगितलं नाही, कारण ती म्हणाली असती मिस्त्रीला विचार. आणि मला विचारायचं नव्हतं. चाळीस वर्षं सायकली केल्यावर तेल कुठे लावायचं ते मी विचारणार होते?

उंडीचं तेल वाळलं की चिकट होतं. होडीला ते चालतं, होडीच्या फळ्या आत-बाहेर होत नाहीत.

रविवारी सकाळी ती शेवटचा सराव करून आली. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसली. उजवा हात डाव्या हातात धरलेला.

"काय झालं?"

"चिमटा दबतो आणि खालीच राहतो. मग कचकन सुटतो." ती हाताकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "सड्यावर दोनदा सुटला. मी साहेबांना सांगते उद्या जमणार न्हाय म्हणून."

"हवा कमी असेल. पंप नीट लावला नसशील."

हे मी बोलले. लिहिताना बरं वाटत नाही, पण बोलले. दांड्यांवर तेलाचा पिवळा थर आणि त्यात बारीक लाल धूळ रुतलेली मला दिसत होती, आणि मी तिला म्हणाले की तू पंप नीट लावला नसशील. ती उठून पंप आणायला गेली. डाव्या हाताने पंप जोडायला लागली. कागदावरचा आकडा आणि काटा बरोबर जुळला. तिने तो मला दाखवलाही नाही, नुसता पंप काढून ठेवला.

तेव्हा मी म्हणाले, "उंडीचं तेल लावलंय मी. तीन दिवस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कशावर?"

"दांड्यांवर."

"का?"

"गंजू नये म्हणून."

"आई, तू..." ती थांबली. मग फोन काढला आणि मिस्त्रीला लावला. रविवार होता, तो जेवत होता. फोनमध्ये त्याचं गोल तोंड आणि मागे कोणाचं तरी टीव्हीचं गाणं. मुलीने फोन माझ्यासमोर धरला. बोलायचं मलाच होतं.

मी सांगितलं. तो घास तोंडात ठेवून थांबला.

"काकू, होडी आहे का ती?"

"नाही."

"मग?"

"मग आता काय ते सांगा. उद्या सकाळी हिला जायचंय."

त्याने हात धुतला. हे मी त्याचं विसरणार नाही. जेवणावरून उठून तो परत फोनसमोर बसला आणि म्हणाला, "खोलावं लागेल. तुम्हीच खोलायचं. घाबरू नका, तुम्ही सायकलवाल्या आहात."

"मी घाबरत नाही. मी चुकले. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"आधी हवा सोडा. सगळी. हवा असताना खालच्या बोल्टला हात लावलात तर बोल्ट तुमच्या कपाळात."

मी वरचं टोपण काढून वाल्व दाबला. फुस्स करून सगळी हवा गेली आणि सायकलीचं तोंड खाली बसलं. पुढचं चाक काढलं. सायकल उलटी टांगली. ते मला येतं. मग दोन्ही पायांच्या तळाचे बोल्ट सैल केले. पाना सापडला, कारण तो आकाराप्रमाणे लावलेला होता. हे मी त्या वेळी तिला सांगितलं नाही. बोल्टवर लाकडी हातोडीने हळू ठोकलं, आणि खालच्या दोन्ही नळ्या एका बाजूला धरून ओढल्या. त्या अर्ध्या आल्या आणि अडकल्या.

"येईना," मी म्हणाले.

"मी धरू?" मुलगी म्हणाली.

"तू फोन धर. तुझा हात उद्यासाठी ठेव."

मी पाय भिंतीला लावला आणि ओढलं. नळ्या बाहेर आल्या, मी मागे टायरच्या ढिगावर बसले. फोनमधून आवाज आला, "काकू?" मुलगी म्हणाली, "आहेत. बसल्या आहेत." आणि तिचे खांदे हलत होते. रडते असं वाटलं, ती हसत होती.

नळ्यांच्या तोंडाशी रबराच्या सील होत्या, त्यांच्या ओठांवर लाल चिखल. खाली स्पंजच्या कड्या. मिस्त्रीने एकेक दाखवायला लावली. पुसायला त्याने स्पिरिट सांगितलं. माझ्याकडे ते कुठून असणार, असं मी म्हणणार तेवढ्यात मुलगी घरातून बाटली घेऊन आली. तिच्या टाक्यांसाठी आणलेलं उरलं होतं. त्याच बाटलीतल्या स्पिरिटने मी दांड्या पुसल्या. तेल सुटायला लागलं, फडकं हिरवं-लाल झालं.

"आता नख फिरवा," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "वरपासून खालपर्यंत, सगळीकडून. धुळीने चर पडला असेल तर नख अडकेल. चर पडला असेल तर मग..."  पुढचं सांगायची गरज नव्हती. चर पडलेली दांडी परत गुळगुळीत होत नाही, आणि उद्याच्या सकाळपर्यंत दुसरा चिमटा पनवेलहून येत नाही.

मी नख फिरवलं. माझं नख जाड आहे, चाळीस वर्षं टायर त्यानेच काढलेत. उजवी दांडी स्वच्छ गेली. डाव्या दांडीवर नख वरून अर्ध्यापर्यंत आलं आणि अडकलं.

मुलीने माझं बोट पाहिलं. फोनमध्ये तिकडच्या टीव्हीवरचं गाणं तेवढं चालू होतं.

मी फडक्याला स्पिरिट लावून त्याच जागी दाबून धरलं. मनात शंभरपर्यंत मोजलं. घासलं नाही. मग पुसलं आणि परत नख फिरवलं. वरून आलं, खाली गेलं, कुठे थांबलं नाही. चर नव्हता. वाळलेल्या तेलाचा थेंब होता.

"गेलं," मी म्हणाले.

"काय गेलं?" मिस्त्री ओरडला.

"तेल गेलं. दांडी चांगली आहे."

त्याने सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला. मुलगी पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "मला वाटलं मनगटच परत मोडलं." मी तिला पाणी दिलं, स्वतःही प्यायले.

मग उरलेलं काम साधं होतं. सील साफ केल्या, फुगल्या नव्हत्या. मिस्त्री म्हणाला तीन दिवसांत त्यांना काही होत नाही, तीन महिने लावलं असतं तर झालं असतं. स्पंजच्या कड्या धुऊन, वाळवून त्याच्या बुटक्या बाटलीतल्या तेलात भिजवल्या. खालच्या दोन्ही नळ्यांत वंगणापुरतं तेल मोजून घालायचं होतं. माप कुठलं? खोकल्याच्या औषधाचं टोपण, त्यावर रेघा असतात. एका पायात एक टोपण, दुसऱ्यात एक. बोल्ट लावले, चाक बसवलं, सायकल सुलटी केली, पंपाने हवा भरली. साठ किलोच्या आकड्यापर्यंत. ती बघत होती. मी दोन्ही हातांनी हॅन्डल दाबलं. चिमटा खाली गेला आणि माझ्या हातांबरोबर वर आला, घाई न करता.

"उद्या जाशील," मी म्हणाले. विचारलं नाही.

सोमवारी पहिल्या होडीने ती गेली. मी धक्क्यावर गेले नाही, मला दुकान होतं. दुपारपर्यंत तीन पंक्चर काढले, त्यातला एक पॅच चुकीच्या ट्यूबला लावला. उंडीची बाटली होडीवाल्याकडे परत पाठवून दिली होती. त्याने निरोप धाडला, "वयनीला सांगा, होडीला तेल लावायचंय, सायकलपण घेऊन या." दोन दिवस तो सगळ्या गावाला हेच सांगत होता. सांगू दे.

दुपारी तीनच्या सुमारास ती आली. मी तिच्या तोंडाकडे न बघता आधी चिमट्याकडे पाहिलं. रबराची कडी दांडीवर वर सरकली होती, पण अगदी वरपर्यंत नाही. एक बोट जागा राहिली होती. मिस्त्रीने सांगितलं होतं तशी. म्हणजे सड्यावर चिमटा जेवढा दबायला हवा तेवढा दबला, आणि तळाला आपटला नाही.

"चांगला चालला," मी म्हणाले.

"माझा हात विचार ना."

"हात तुझ्याकडे आहे. दुखला असता तर तू ओरडली असतीस."

"थोडा दुखला."

"थोडा दुखणारच. मोडला होता."

ती आत गेली, जेवायला बसली. भाकरी तिने उजव्या हाताने मोडली. गेले अडीच महिने मी मोडून देत होते. शेवटच्या वाडीतली म्हातारी तिला बघून भांडली म्हणाली, एवढे दिवस कुठे होतीस म्हणून. बदलीचा माणूस तिची पत्रं शेजारी ठेवून जायचा. हे सांगताना ती खूश होती. कोणीतरी आपल्याशी भांडायला बसलं आहे, ही तिला बरी बातमी वाटली.

त्या सहातल्या राहिलेल्या पाच सायकलींचे कुजके चिमटे मी काढले आणि साधे, सरळ नळ्यांचे बसवले. आता पाहुणा आला की सांगते, कडक आहे, हवी तर घ्या. घेतात. हवेच्या चिमट्याला मी रोज फडकं मारते, आठवड्यातून एकदा सायकल काही तास उलटी टांगते, आणि महिन्यातून एकदा नख फिरवते. मिस्त्री म्हणतो, खाऱ्या हवेत सील दर चार महिन्यांनी खोलून साफ करायच्या. मी तीन महिन्यांनी करते. तेल त्याचंच.

मंगळवारी सकाळी ती होडीला गेल्यावर मी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि सगळे पाने परत माझ्या हाताच्या सवयीप्रमाणे लावले. चिमट्याच्या बोल्टचा तेवढा तिने ठेवला होता तिथेच राहू दिला.